आत्मप्रतिरक्षा व पुरुष जननक्षमता

आत्मप्रतिरक्षा व पुरुष जननक्षमता : शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंऐवजी स्वतःच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांवर) हल्ला करू लागते, तेव्हा त्या स्थितीस आत्मप्रतिरक्षा म्हणतात. असा हल्ला वृषण, अधिवृषण किंवा शुक्राणू यांवर झाल्यास दाहयुक्त सूज येऊन शुक्राणूंची निर्मिती, हालचाल वा फलन घडवून आणण्याची क्षमता कमी होते आणि पुरुषास तात्पुरते किंवा कायमचे वंध्यत्व येऊ शकते. निरोगी पुरुषात हे घडत नाही, कारण प्रतिरक्षेला आवर घालणारी अनेक प्रथिने वृषणात व रक्तात सतत कार्यरत असतात. दाह वाढविणारी व दाह रोखणारी प्रथिने यांच्यातील समतोल टिकून राहणे, हे पुरुषाच्या जननक्षमतेसाठी हॉर्मोनांच्या समतोलाइतकेच आवश्यक आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून स्पष्ट झाले आहे.

ऐतिहासिक आढावा : शुक्राणू हे प्रतिजन (प्रतिरक्षा प्रतिसाद उत्पन्न करणारा पदार्थ) म्हणून कार्य करू शकतात, हे १८९९ मध्ये कार्ल लँडस्टायनर व ईल्या म्येच्‌निकॉव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. एका जातीच्या प्राण्याचे शुक्राणू दुसऱ्या जातीच्या प्राण्यास टोचले असता त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी म्येताल्निकॉव्ह यांनी गिनीपिगमध्ये त्याच जातीच्या शुक्राणूंविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण होतात, असे नोंदविले. पॉल एर्लिख यांनी १९०१ च्या सुमारास शरीर स्वतःचाच घात करणारी प्रतिपिंडे सहसा उपयोगात आणत नाही, असे तत्त्व मांडले होते. म्येताल्निकॉव्ह यांचे निरीक्षण या तत्त्वाची पहिली कसोटी ठरले. प्रतिपिंडे असूनही ती प्राण्यास अपाय का करीत नाहीत, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

यानंतर सु. पन्नास वर्षे या विषयाची फारशी प्रगती झाली नाही. १९५३ मध्ये ज्यूल्स फ्रॉइंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या वृषणाचा अर्क, खनिज तेल व मृत क्षयजंतू यांचे मिश्रण गिनीपिगला टोचून त्याच्या वृषणातील शुक्राणु-निर्मिती बंद पाडली. १९५४ मध्ये नेदर्लंड्समधील र्‍यूम्के व अमेरिकेतील विल्सन यांना काही वंध्य पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंची गुठळी करणारी प्रतिपिंडे आढळली. प्रयोगशाळेतील निरीक्षण व मानवी वंध्यत्व यांचा दुवा येथे प्रथमच जुळला. १९६९ मध्ये जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची यौवनलोपी ग्रंथी (छातीतील, तारुण्यानंतर आक्रसत जाणारी प्रतिरक्षा यंत्रणेची ग्रंथी) काढून टाकली असता त्याच्या अंडाशयाचा नाश होतो, असे दाखविले. नंतर नर उंदरांत याच कारणाने वृषणशोथ होतो, असेही आढळले. प्रतिरक्षेला आवर घालणाऱ्या स्वतंत्र कोशिका असाव्यात, या कल्पनेस या प्रयोगांनी बळ मिळाले. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये अशा नियामक टी-लसीका कोशिकांची ओळख पटविली, तर मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या कोशिकांच्या कार्यास आवश्यक असलेले फॉक्सपी-३ हे जनुक शोधून काढले. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

वृषणाची विशेष स्थिती : प्रतिरक्षा यंत्रणा ‘स्व’ व ‘पर’ यांतील भेद प्रामुख्याने जन्माच्या आगेमागे शिकते. शुक्राणू मात्र यौवनारंभी, म्हणजे त्यानंतर अनेक वर्षांनी प्रथम निर्माण होतात. त्यांच्या पृष्ठभागावरील कित्येक प्रथिने शरीरात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्यामुळे प्रतिरक्षा यंत्रणेच्या दृष्टीने ती जवळजवळ परकीच असतात. घरात उशिरा आलेल्या या पाहुण्याला पहारेकऱ्याने अडवू नये, यासाठी शरीराने एकाहून अधिक व्यवस्था केलेल्या आहेत.

पहिली व्यवस्था रचनात्मक आहे. वृषणातील रेतोत्पादक नलिकांच्या भिंतीत सर्टोली कोशिका असतात. यौवनारंभी या शेजारी-शेजारी असलेल्या कोशिकांमध्ये घट्ट सांधे तयार होतात व नलिकेचे बाहेरचा व आतला असे दोन कप्पे पडतात. या सांध्यांच्या पडद्यास रक्त-वृषण रोध म्हणतात. प्रगत अवस्थेतील जननकोशिका आतल्या कप्प्यात राहतात आणि रक्तातील प्रतिपिंडे व लसीका कोशिका तेथे पोहोचू शकत नाहीत. मानवात एका शुक्राणूची निर्मिती पूर्ण होण्यास सु. ७४ दिवस लागतात. या काळात विकसित होणाऱ्या कोशिकेला बाहेरच्या कप्प्यातून आत यावे लागते. त्यासाठी सांधे पुढच्या बाजूस उघडतात, पण त्यापूर्वी मागच्या बाजूस नवे सांधे तयार झालेले असतात.

हा रोध सर्वत्र सारखा भक्कम नसतो. नलिका जेथे एकत्र येतात त्या वृषणजालात व अधिवृषणात तो तुलनेने दुर्बल असतो. म्हणूनच दाहयुक्त सुजेची सुरुवात बहुधा याच भागात होते. शिवाय काही शुक्राणु-प्रतिजने निरोगी अवस्थेतही नलिकेबाहेर पडत असतात, असे केनेथ टुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले. बाहेर पडणाऱ्या या प्रतिजनांमुळे नियामक टी-कोशिकांना त्यांची ओळख राहते व त्या हल्ला रोखून धरतात. याउलट जी प्रतिजने पूर्णपणे बंदिस्त असतात, त्यांची ओळख नसल्यामुळे ती दुखापतीने अकस्मात बाहेर आल्यास धोका अधिक असतो. तात्पर्य, वृषणाचे संरक्षण केवळ भिंतीने होत नाही. त्यासाठी प्रतिरक्षेचे सक्रिय नियमनही लागते.

प्रतिरक्षा-नियामक प्रथिने : ही दुसरी व्यवस्था होय. तीत सहभागी असलेल्या प्रथिनांचे स्थूलमानाने पुढील गट करता येतात.

(१) दाहशामक संदेशवाहक प्रथिने : कोशिका एकमेकींना संदेश देण्यासाठी जी लहान प्रथिने स्रवतात, त्यांना सायटोकाइने म्हणतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-१० व रूपांतरक वृद्धिघटक-बीटा ही दोन दाहशामक आहेत. वृषणातील नलिकांच्या दरम्यान असणाऱ्या महाभक्षी कोशिका इतर अवयवांतील महाभक्षी कोशिकांच्या मानाने शांत असतात व इंटरल्यूकिन-१० अधिक प्रमाणात स्रवतात. रूपांतरक वृद्धिघटक-बीटा रेतातही विपुल असतो. स्त्रीच्या जननमार्गात परके शुक्राणू शिरल्यावर तेथील प्रतिरक्षा प्रतिसाद सौम्य ठेवण्यास त्याची मदत होते.

(२) कोशिकांच्या पृष्ठभागावरील रोधक प्रथिने : टी-कोशिकांवर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. त्यास जुळणारे प्रथिन दुसऱ्या कोशिकेवर असल्यास टी-कोशिकेचा जोर ओसरतो. असे जुळणारे प्रथिन वृषणातील कोशिकांवर आढळते. शुक्राणूंच्या पृष्ठभागावर सीडी-५५, सीडी-५९ यांसारखी प्रथिने असतात. रक्तातील पूरक गटाची प्रथिने कोशिकांना जी छिद्रे पाडतात, त्यांपासून ही प्रथिने शुक्राणूंचे रक्षण करतात.

(३) केंद्रकातील नियंत्रक प्रथिने : फॉक्सपी-३ हे नियामक टी-कोशिकांचे प्रमुख नियंत्रक होय. दुसरे महत्त्वाचे प्रथिन एअर हे यौवनलोपी ग्रंथीत असते. त्याच्यामुळे शरीरातील निरनिराळ्या अवयवांची प्रथिने त्या ग्रंथीत अल्प प्रमाणात तयार होतात आणि ‘स्व’ला शत्रू मानणाऱ्या टी-कोशिका तेथेच नष्ट केल्या जातात. हे जनुक १९९७ मध्ये ओळखण्यात आले. त्यात दोष असलेल्या रुग्णांत अनेक अंतःस्रावी ग्रंथींचा आत्मप्रतिरक्षात्मक विकार होतो. अशा पुरुषांच्या रक्तात अष्ठीला ग्रंथीतील एका एंझाइमाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, असे २०१५ मध्ये आढळले. हे एंझाइम यौवनारंभानंतरच निर्माण होत असल्याने ती प्रतिपिंडेही त्यानंतरच दिसू लागतात.

(४) ॲक्टिव्हिन व फॉलिस्टॅटिन : ॲक्टिव्हिन ए हे प्रथिन सर्टोली कोशिकांत निर्माण होते व योग्य प्रमाणात असताना शुक्राणु-निर्मितीस आवश्यक असते. प्रमाण वाढल्यास ते दाह व तंतुमयता (ऊतकात तंतूंची अतिरिक्त वाढ) वाढविते. फॉलिस्टॅटिन त्यास बद्ध करून निष्प्रभ करते. उंदरांत फॉलिस्टॅटिनाची पातळी कृत्रिम रीत्या वाढविली असता प्रायोगिक वृषणशोथाची तीव्रता कमी होते.

यांखेरीज टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोनही प्रतिरक्षेला सौम्य ठेवण्यास साहाय्यभूत होते. यामुळे दाहाने लायडिख कोशिकांचे कार्य मंदावून टेस्टोस्टेरोन कमी झाले, की दाहावरचा आणखी एक लगाम सुटतो व दुष्टचक्र सुरू होते.

दाहकारक प्रथिने व वृषणाची हानी : अर्बुद-मृत्युकारक घटक (संक्षेपाने टीएनएफ), इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१७ व गॅमा इंटरफेरॉन ही प्रमुख दाहकारक प्रथिने होत. ती सर्वथा अनिष्ट नव्हेत. निरोगी वृषणातही टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ अल्प प्रमाणात स्रवतात आणि सर्टोली कोशिकांमधील सांधे योग्य वेळी सैल करण्याचे काम करतात. हानी होते ती त्यांच्या अतिरेकाने. प्रमाण वाढले, की सांधे अवेळी उघडतात, प्रतिजने बाहेर पडतात, टी-कोशिका आत शिरतात आणि त्या आणखी सायटोकाइने स्रवतात. टीएनएफ व इंटरल्यूकिन-६ यांच्या प्रभावाने जननकोशिका आपोआप मृत होऊ लागतात. नलिका रिकाम्या पडतात. दाहात निर्माण होणारी ऑक्सिजनाची विक्रियाशील संयुगे शुक्राणूच्या पटलाला व त्यातील डीएनएला इजा करतात.

हा घटनाक्रम प्रायोगिक आत्मप्रतिरक्षात्मक वृषणशोथ या प्रतिकृतीत चांगला अभ्यासता येतो. फ्रॉइंड यांच्या पद्धतीत पुढे सुधारणा होऊन उंदीर व घुशींसारख्या प्राण्यांवर हे प्रयोग ब्वेनस एअरीझ, गीसेन, मेलबर्न, व्हर्जिनिया इ. ठिकाणच्या प्रयोगशाळांत झाले. टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यास उंदरातील वृषणशोथ सौम्य होतो, हे १९९३ मध्ये दाखविण्यात आले. मानवातील सर्व प्रकारच्या वृषणशोथास हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि वंध्य पुरुषांच्या वृषणाच्या ऊतक-परीक्षेत लसीका कोशिकांचे पुंजके आढळतात, तेव्हा याच प्रकारची प्रक्रिया तेथे चालू असावी, असे मानले जाते.

शुक्राणुरोधी प्रतिपिंडे : वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी सु. ५ ते १५ टक्के पुरुषांत शुक्राणुरोधी प्रतिपिंडे आढळतात. ती आयजीजी व आयजीए या वर्गांची असतात. शुक्राणूच्या शेपटीवर बसलेली प्रतिपिंडे त्याची हालचाल रोखतात. शीर्षावर बसलेली प्रतिपिंडे त्यास अंडाणूच्या आवरणाशी जुळू देत नाहीत. आयजीए प्रतिपिंडांनी वेढलेले शुक्राणू गर्भाशयग्रीवेतील श्लेष्म्यात अडकून जागच्या जागी थरथरत राहतात. प्रतिपिंडांचे केवळ अस्तित्व म्हणजे वंध्यत्व नव्हे. ती किती शुक्राणूंवर व शुक्राणूच्या कोणत्या भागावर आहेत, यावर परिणाम अवलंबून असतो. रेतवाहिनीतील अडथळा, वृषणास झालेली दुखापत, वृषणाला पीळ पडणे, जननमार्गातील जंतुसंसर्ग व शस्त्रक्रिया ही त्यांची प्रमुख कारणे होत.

नसबंदी व प्रतिपिंडे : रेतवाहिनी कापून बांधल्यानंतरही वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात. ते बाहेर न पडता अधिवृषणात साचतात, मृत होतात व महाभक्षी कोशिकांकडून पचविले जातात. या वेळी त्यांची प्रतिजने प्रतिरक्षा यंत्रणेच्या संपर्कात येतात आणि शस्त्रक्रिया झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्राणुरोधी प्रतिपिंडे निर्माण होतात. यामुळे त्या पुरुषाच्या सर्वसाधारण आरोग्यास धोका पोहोचत असल्याचे दीर्घकालीन पाहण्यांत दिसून आलेले नाही. नसबंदीने अशक्तपणा येतो हा समजही निराधार आहे, कारण टेस्टोस्टेरोन थेट रक्तात मिसळते व त्याचा रेतवाहिनीशी संबंध नसतो.

प्रश्न उद्‌भवतो तो रेतवाहिनी पुन्हा जोडण्याची वेळ येते तेव्हा. भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, सु. ६२ लाख पुरुषांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येकांवर सक्ती झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. परंतु त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही व त्याचा कायदा झाला नाही. अपत्य दगावल्यामुळे किंवा पुनर्विवाहामुळे ज्यांना पुन्हा मूल हवे असते, त्यांच्या बाबतीत जोडणीची शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही गर्भधारणा होईलच, असे नसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीनुसार नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केल्यास ९७ टक्के पुरुषांच्या रेतात शुक्राणू परत आले व ७६ टक्के दांपत्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षे वा अधिक काळ लोटल्यावर हीच प्रमाणे अनुक्रमे ७१ व ३० टक्के अशी होती. ही तफावत अधिवृषणातील अडथळा, पत्नीचे वय इ. अनेक कारणांनी पडते. शुक्राणुरोधी प्रतिपिंडे हे त्यांपैकी एक कारण होय. नसबंदी कायमची समजूनच, पूर्ण विचारांती व स्वेच्छेने करावी, या सल्ल्यामागे हेही एक शास्त्रीय कारण आहे.

कुष्ठरोग : दाहकारक प्रथिनांमुळे पुरुषाच्या जननक्षमतेवर होणाऱ्या परिणामांचे महाराष्ट्रात दीर्घकाळ दिसत आलेले उदाहरण म्हणजे कुष्ठरोग होय. मुंबईतील वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय (१८९०), वर्ध्याजवळील दत्तपूर (१९३६), अमरावतीचे तपोवन, वरोड्याचे आनंदवन इ. संस्थांमुळे या रोगाच्या सेवाकार्याची राज्यात मोठी परंपरा आहे. कुष्ठजंतू शरीराच्या थंड भागांत अधिक वाढतात. वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २° ते ४° से. कमी असल्याने बहुजंतुक प्रकारच्या रोगात वृषण हा त्यांचा एक आश्रय ठरतो. हा रोग मूलतः जंतुजन्य आहे, आत्मप्रतिरक्षात्मक नव्हे. तथापि वृषणाची मोठी हानी जंतूंपेक्षा त्यांच्याविरुद्धच्या प्रतिक्रियेने होते. दुसऱ्या प्रकारच्या कुष्ठ-प्रतिक्रियेत अंगावर वेदनायुक्त लाल गाठी येतात, ताप येतो आणि वृषण व अधिवृषण यांस सूज येते. या वेळी रक्तातील टीएनएफची पातळी वाढलेली असते. वारंवार प्रतिक्रिया आल्यास वृषण आक्रसतो, टेस्टोस्टेरोन घटते, काहींमध्ये स्तनवृद्धी होते व वंध्यत्व येते. अशा रुग्णांच्या रक्तात वृषणातील जननकोशिकांविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचेही १९७४ मध्ये नोंदविण्यात आले. म्हणजे बाहेरच्या जंतूशी सुरू झालेल्या झगड्यात ‘स्व’विरुद्धची प्रतिरक्षाही जागृत होऊ शकते.

जेकब शेस्किन यांनी १९६५ मध्ये थॅलिडोमाइड या औषधाने ही प्रतिक्रिया झपाट्याने शमते, असे दाखविले. त्यामागील कारण, म्हणजे टीएनएफच्या निर्मितीस होणारा अटकाव, १९९१ मध्ये उलगडले. हे औषध गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते व ते रेतातही उतरते. म्हणून ते घेणाऱ्या पुरुषांनीही कटाक्षाने गर्भनिरोधक साधन वापरणे आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोगाचे प्रमाण पुष्कळच घटले. लवकर निदान व उपचार झाल्यास रुग्णाचा वृषणही वाचतो. बरा झालेला रुग्ण विवाह व संसार करू शकत असल्याने प्रतिक्रियेच्या वेळी वृषणाची तपासणी करणे, ही दुय्यम बाब समजता येत नाही.

इतर विकार : गालगुंडाच्या विषाणूमुळे यौवनारंभानंतर रोग झालेल्या पुरुषांपैकी सु. १५ ते ३० टक्के पुरुषांत वृषणशोथ होतो. तो बहुधा एकाच बाजूस होतो, त्यामुळे संपूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. पण लहानपणी लस घेतल्यास हा धोका टाळता येतो. अधिवृषणाचा क्षय व हत्तीरोग यांतही दाहामुळे मार्ग बंद होऊ शकतो. संधिवाताभ शोथ, मणक्यांचा ताठर शोथ, त्वक्‌रक्तिमा (ल्यूपस) यांसारख्या सार्वदेहिक आत्मप्रतिरक्षात्मक रोगांत रोग प्रबळ असताना रेताचा दर्जा खालावू शकतो. त्यांवरील काही औषधेही विचारात घ्यावी लागतात : सल्फासलाझीनामुळे शुक्राणूंची संख्या घटते, पण औषध थांबविल्यावर ती पूर्ववत होते, सायक्लोफॉस्फामाइडामुळे होणारी हानी कायमची असू शकते. याउलट टीएनएफ-विरोधी औषधे घेणाऱ्या, मणक्यांचा शोथ असलेल्या पुरुषांत रेताचा दर्जा बिघडल्याचे आढळत नाही. पीडी-१ चा रोध दूर करून कर्करोगाशी लढणारी नवी औषधे २०१४ पासून वापरात आली. ती घेणाऱ्या काही रुग्णांत वृषणशोथ झाल्याच्या व शुक्राणु-निर्मिती मंदावल्याच्या नोंदी आहेत. लगाम काढला, की रोगाबरोबर ‘स्व’वरही आघात होऊ शकतो, याचे हे मानवातील प्रत्यक्ष प्रमाण होय. म्हणून अशा उपचारांपूर्वी रेत गोठवून ठेवण्याचा पर्याय रुग्णापुढे ठेवणे योग्य ठरते.

कोव्हिड-१९ च्या साथीत लशीमुळे पुरुष नपुंसक होतात, अशी अफवा पसरली होती. लशीपूर्वीच्या व नंतरच्या रेताच्या तुलनात्मक तपासण्यांत तसे आढळले नाही. तीव्र आजाराच्या वेळी येणाऱ्या तापामुळे व दाहामुळे मात्र रेताचा दर्जा काही काळ खालावतो.

निदान : रेताच्या नित्य तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार पाहिले जातात. शुक्राणू एकमेकांना चिकटलेले दिसल्यास किंवा इतर कारण न सापडल्यास प्रतिपिंडांची तपासणी करतात. यासाठी १९७८ पासून प्रचलित झालेली मिश्र-समूहन कसोटी सोयीची आहे. तीत प्रतिपिंडांचा लेप दिलेले सूक्ष्म कण रेतात मिसळतात. हालचाल करणाऱ्या शुक्राणूंना हे कण चिकटल्यास प्रतिपिंडे आहेत, असे समजते. ५० टक्के वा अधिक शुक्राणूंना कण चिकटणे हे महत्त्वाचे मानण्याचा प्रघात आहे. कसोटीसाठी जिवंत व हलणारे शुक्राणू लागतात आणि रेताची तपासणी तासाभराच्या आत सुरू व्हावी लागते. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातील हट्टा यांसारख्या गावातून नमुना दूरच्या शहरी पाठवून भागत नाही. रुग्णाने प्रयोगशाळेतच जाऊन तो द्यावा लागतो. रक्ताचा नमुना पाठविता येतो, परंतु रक्तातील प्रतिपिंडांपेक्षा शुक्राणूंवरील प्रतिपिंडांचे महत्त्व अधिक आहे.

उपचार : जंतुसंसर्ग असल्यास प्रथम त्यावर उपचार करतात. कॉर्टिकोस्टेरॉइडांनी प्रतिपिंडांचे प्रमाण घटते, म्हणून १९८० च्या दशकात ती पुष्कळ वापरली गेली. परंतु लाभ अनिश्चित व मांडीच्या हाडाच्या शीर्षाचा नाश होण्यासारखे दुष्परिणाम गंभीर असल्याने आता ती या कारणासाठी सहसा देत नाहीत. शुक्राणू नुसते धुवून घट्ट बसलेली प्रतिपिंडे निघत नाहीत. प्रतिपिंडे मध्यम प्रमाणात असल्यास शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात. प्रमाण अधिक असल्यास एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने अंडाणूत टोचतात. ब्रुसेल्स येथे विकसित झालेल्या व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत शुक्राणूला पोहावे वा आवरण भेदावे लागत नाही, त्यामुळे प्रतिपिंडांचा अडथळा बव्हंशी टळतो. सायटोकाइनांना रोखणारी औषधे केवळ वंध्यत्वासाठी देण्याइतका पुरावा अद्याप उपलब्ध नाही.

प्रतिरक्षेवर आधारित गर्भनिरोध : जी प्रक्रिया वंध्यत्व आणते, तिचाच नियंत्रित उपयोग गर्भनिरोधासाठी करता येईल का, हा विचारही पुढे आला. शुक्राणूवरील एप्पिन या प्रथिनाची लस नर माकडांना देण्याच्या प्रयोगात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नऊपैकी सात माकडांत प्रतिपिंडांची पातळी पुरेशी वाढली व ती सर्व वंध्य झाली. लस थांबविल्यावर सातांपैकी पाच पुन्हा जननक्षम झाली. प्रतिसाद व्यक्तिगणिक बदलतो आणि जननक्षमता परत येण्याची हमी देता येत नाही, या दोन अडचणींमुळे अशी लस मानवी वापरापर्यंत आलेली नाही.

महाराष्ट्रातील कार्य व सामाजिक बाजू : र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू करून व १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवून प्रजननाविषयी मराठीत उघडपणे बोलण्याचा पाया घातला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची परळ येथील प्रजनन संशोधन संस्था ही १९७० मध्ये नावारूपास आली. तेथे शुक्राणूंची प्रतिजने, प्रतिपिंडे व पुरुष वंध्यत्व यांवर संशोधन झाले आहे. या संस्थेतील टी. सी. आनंद कुमार व के. ई. एम. रुग्णालयातील इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्याने ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परीक्षानलिका बालकाचा जन्म झाला.

मूल न होण्याचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याची प्रवृत्ती समाजात अद्याप आहे. वंध्य दांपत्यांपैकी सु. निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारण संपूर्णतः वा अंशतः जबाबदार असते. असे असूनही स्त्रीच्या अनेक तपासण्या व प्रसंगी शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर पुरुषाची साधी रेत-तपासणी होते. आत्मप्रतिरक्षेमुळे येणाऱ्या वंध्यत्वात तर पुरुषास कोणतेही बाह्य लक्षण नसते व त्याच्या पौरुषातही उणीव नसते. त्याच्याच शरीरातील रक्षक प्रथिनांचा तोल ढळलेला असतो. हे लक्षात घेतल्यास तपासणीचा संकोच कमी होईल. दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करणे, हे वैद्यकीय दृष्ट्या कमी खर्चाचे व न्यायाच्या दृष्टीने उचित आहे.

पहा : अंतःस्रावी ग्रंथि, कुष्ठरोग, कुटुंबनियोजन, जनन तंत्र, रोगप्रतिकारक्षमता, वंध्यत्व.